खेळपेटीच्या नोंदी: दांडिया बाजार, बडोदा

१५ जून २०२५, रविवार

काल संध्याकाळी दुरुस्तीला आलेली खेळपेटी आज उघडली. टेबलावर ठेवायची, दोन जॉयस्टिकची, कपाळावर मोठ्या आकड्यात '१२९९ खेळ'. तक्रार अशी की चालू होते आणि पाच मिनिटांत बंद पडते. पॉवर सप्लायवरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, शेजारच्याच्या बुडाशी तपकिरी डाग. दोन्ही बदलले. अर्ध्या तासाचं काम.

मेमरी कार्डाची प्रत काढून ठेवू म्हटलं, कारण या पेट्यांत आधी जीव सोडतं ते कार्डच. लॅपटॉपला लावलं. आत लिनक्स. एका फोल्डरमध्ये सहा-सात मोठ्या फाइली आणि त्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं-आकडे. त्यांच्यावर 'स्ट्रिंग्ज' ही आज्ञा चालवली. बायनरी फाइलमधला वाचता येण्याजोगा मजकूर ती वेगळा काढून देते. यादी सरकत गेली तसं एफबी अल्फाचं नाव आलं (जुन्या यंत्रांचे खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर), आवृत्तीचा आकडा आला, लिहिणाऱ्यांची नावं आली. फाइलीचं नाव बदलून टाकलंय, पण ज्यांनी ती लिहिली त्यांची नावं पोटात तशीच आहेत. अख्ख्या कार्डावर लायसन्सची एक ओळ नाही.

हे मला लागलं. सात वर्षांपूर्वी जत्रेतल्या एका गेमवाल्याचा जुना बोर्ड माझ्याकडे आला होता. त्याचं सर्किट कुठेच मिळेना. शेवटी मेम या आर्केड बोर्डांच्या एम्युलेटरच्या सोर्स कोडमध्ये त्या बोर्डाचा मेमरी मॅप सापडला, कोणत्या पत्त्यावर कोणती रॅम ते कळलं आणि खराब चिप तासाभरात हाती आली. कुणीतरी रात्री जागून तो बोर्ड समजून घेतला, लिहून ठेवला आणि जगासाठी उघडा ठेवला. त्या कामावर माझं पोट एक दिवस तरी भरलंय.

म्हणून आजपासून ही वही. खेळपेटी आपणही करायची, विकायची, पण लिहिणाऱ्यांनी घातलेली प्रत्येक अट पाळून. जमतं का ते बघायचं.

१८ जून, बुधवार

भाची कलाभवनात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. कलाभवन म्हणजे विद्यापीठाचं इंजिनिअरिंग. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं, बडोद्यात अजून तेच नाव तोंडी आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, विकायचंय ना? मग रास्पबेरी पाय, तो छोटा कॉम्प्युटर बोर्ड, विकत आणायच्या आधी लायसन्सं वाच. सगळी. मी बसते सोबत."

बसलो. दुपारी दोनला सुरुवात केली ती रात्री आठला उठलो. भिंतीवर दोन कागद लावलेत.

पहिल्यावर 'चालेल': रेट्रोआर्च हे एम्युलेटर ज्यातून चालतात ते वरचं आवरण, लायसन्स जीपीएल ३. जुन्या कार्ट्रिजवाल्या व्हिडिओ गेमसाठी एफसीईयूएमएम आणि नेस्टोपिया, दोन्ही जीपीएल २. गेम बॉय या हातात धरायच्या जुन्या खेळयंत्रासाठी गॅम्बॅट, जीपीएल २. गेम बॉय अॅडव्हान्ससाठी एमजीबीए, मोझिला पब्लिक लायसन्स. अटारी २६०० साठी स्टेला आणि डूम या गोळीबाराच्या खेळाच्या जातीच्या खेळांसाठी पीआरबूम, पुन्हा जीपीएल २.

दुसऱ्यावर 'नाही': स्नेस९एक्स, जेनेसिस प्लस जीएक्स, पिकोड्राइव्ह, फायनलबर्न निओ.

माझा आजवरचा समज असा होता की सोर्स कोड दिसतो म्हणजे सगळं एकाच माळेतलं. तसं नाही. दुसऱ्या कागदावरच्यांचा कोड वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. विकता मात्र येत नाही. स्नेस९एक्सनं तर पळवाट आधीच बुजवून ठेवलीय. खेळांच्या संचात घालून विकणं त्यांनी धंद्यात धरलंयच, पण आपल्या मालाची जाहिरात म्हणून ते वापरणंही धंद्यातच धरलंय. 'पेटीचे पैसे घेतो, सॉफ्टवेअर फुकट देतो' हे मी मनात घोळवत होतो. ते तिथेच संपलं.

उलट जीपीएल. त्यात पैसे घ्यायला आडकाठी नाही, हजार घ्या की लाख घ्या. अट एवढीच की ज्याला बायनरी (चालणारी तयार फाइल) दिली त्याला तिचा सोर्स कोड मिळाला पाहिजे: सोबतच द्या, नाहीतर निदान तीन वर्षं मागेल तेव्हा देऊ असं लेखी द्या. आणि त्यानं पुढे तो वाटला तर त्याला अडवायचं नाही.

भाचीनं कागदाखाली पेन्सिलीनं लिहिलंय: 'पेन ड्राइव्ह सोबत.' ठरलं.

२२ जून, रविवार

आजचा दिवस मेमनं खाल्ला.

निकोला साल्मोरियानं मेमची पहिली आवृत्ती ५ फेब्रुवारी १९९७ ला सोडली. तेव्हापासून १९ वर्षं लायसन्स 'विक्रीसाठी नाही' असंच होतं. मग त्यांनी जुन्या-नव्या लिहिणाऱ्यांना गाठून परवानग्या गोळा केल्या आणि मार्च २०१६ मध्ये अख्खा प्रकल्प जीपीएलखाली आणला. बहुतेक फाइली तर त्याहून सैल अशा तीन कलमी बीएसडी लायसन्सखाली. इतक्या माणसांना शोधून विचारणं किती जिकिरीचं असेल! आमच्या सोसायटीत बावीस सह्या गोळा करायला मला दीड महिना लागला होता.

तर आजचं मेम विकता येतं. पण पायवर लोक चालवतात ते मेम २००३ किंवा २००३ प्लस, कारण ते हलकं. आणि ते जुन्या आवृत्तीवरून निघालेलं, म्हणून जुन्याच लायसन्सखालचं. भाचीनं हे दाखवलं नसतं तर मी डोळे मिटून घातलं असतं. 'मेम आता मुक्त झालं' हे एक वाक्य ऐकून किती जणांनी घातलं असेल.

मग म्हटलं नवं मेम घेऊ आणि १९८० च्या आसपासचे साधे बोर्ड तेवढे ठेवू. पाय ४ ला ते झेपतात. पण खेळ कुठून आणायचे? मेमच्या मंडळींच्या साइटवर हक्कदारांच्या परवानगीनं ठेवलेल्या थोड्या रॉम, म्हणजे खेळांच्या प्रती, आहेत, ग्रिडली त्यातलाच. त्यांचीही अट तीच: विक्री नाही. म्हणजे एम्युलेटर विकता येईल आणि आत घालायला एक खेळ नाही. मेम पेटीतून बाहेर. ज्याच्याकडे स्वतःचा बोर्ड आहे त्यानं हौसेनं टाकून घ्यावं, मी मदत करीन.

२९ जून, रविवार

भाचीचा प्रश्न: मोठ्या कंपन्या काय करतात? चांगला प्रश्न होता, म्हणून दोघांनी बसून शोधलं.

सोनीनं ३ डिसेंबर २०१८ ला प्लेस्टेशन क्लासिक काढलं, २० खेळांचं. ज्या कंपनीनं मूळ यंत्र घडवलं तिनं आत एम्युलेटर घातलं ते लोकांनी लिहिलेलं पीसीएसएक्स रीआर्म्ड. जीपीएल २. लायसन्सचा मजकूर मेनूत दिलाय. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली की सोनीला स्वतःचं लिहिता येऊ नये? मला तसं वाटत नाही. अटी पाळून घेतलं, हा त्या लिहिणाऱ्यांचा मान आहे. लोकांची खरी तक्रार वेगळी असायला हवी होती आणि ती होतीही: काही खेळ युरोपातल्या ५० हर्ट्झच्या आवृत्तीचे घातले, त्यामुळे ते संथ वाटतात. यात एम्युलेटरचा काय दोष?

जुन्या यंत्रांच्या इतर छोट्या प्रतींतही लोकांनी लिहिलेली एम्युलेटरंच. सी६४ मिनी, २०१८: आत व्हाइस. ए५०० मिनी, २०२२: अॅमिबेरी. अटारी २६००+, २०२३: स्टेला. म्हणजे वाट मळलेली आहे.

कॅपकॉम होम आर्केड या घरगुती खेळपेटीची गोष्ट मात्र वाचताना वाईट वाटलं. एप्रिल २०१९ मध्ये जाहीर झालं, १६ खेळ, आत एफबी अल्फा. एफबी अल्फाचं लायसन्स विक्रीला मनाई करणारं. त्या प्रकल्पाच्या प्रमुखानं कंपनीला परवानगी दिली. बाकीच्या लिहिणाऱ्यांचं म्हणणं की आमचंही काम आहे यात, आम्हाला कुणी विचारलं? ते बाहेर पडले आणि त्यांनी फायनलबर्न निओ सुरू केलं. कंपनीकडे परवानगीचा कागद होता, तरी वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं दुरावली. दहा जणांनी मिळून केलेल्या कामावर एकाची सही पुरते का, हा प्रश्न मेमवाल्यांनी सगळ्यांना विचारून सोडवला होता. इथे तो तसा सुटला नाही.

त्याआधी २०१४ मध्ये हायपरकिन कंपनीच्या रेट्रॉन ५ या खेळयंत्राबद्दल लिब्रेट्रोच्या, म्हणजे रेट्रोआर्च लिहिणाऱ्या मंडळींनी जाहीर तक्रार केली होती की आत आमचा आणि स्नेस९एक्स, जेनेसिस प्लस जीएक्सचा कोड अटी मोडून घातलाय. माझ्या दुसऱ्या कागदावरचीच दोन नावं.

४ जुलै, शुक्रवार

लाकूड. स्वस्तात एमडीएफ बसतं, लेसरनं सुबक कापलं जातं. मिस्त्रीकाकांनी नमुना हातात घेतला आणि मान हलवली: "वरसादमां आ ना चाले, भाई." गेल्या वर्षी ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या दुकानात खालच्या फळ्या एमडीएफच्या होत्या. चार दिवसांनी पाणी ओसरलं तर त्या भिजलेल्या टोस्टसारख्या फुगून सुटत होत्या. १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय घेतलं. मकरपुऱ्याला जीआयडीसीत सीएनसीवर कापून घेतोय. पेटीमागे सातशे रुपये जास्त पडतील, पडू देत.

९ जुलै, बुधवार

भंगारातून ऑफिसचे १९ इंची जुने मॉनिटर मिळाले, चौकोनी, १२८० गुणिले १०२४. जुन्या खेळांना हा आकार सोन्यासारखा. गेम बॉयचं चित्र १६० गुणिले १४४; सातपट केलं की ११२० गुणिले १००८, पडद्यात नेमकं बसतं. २५६ गुणिले २४० चौपट केलं की १०२४ गुणिले ९६०. पूर्ण पटीत वाढवलं की प्रत्येक ठिपका सारखा येतो, कुठे जाड कुठे बारीक नाही. रुंद टीव्हीवर ताणलेलं चित्र बघवत नाही.

१३ जुलै, रविवार

पहिली पेटी जोडली. मेनू आला, खेळ लागला आणि वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकून गेली. पायला ४.६३ व्होल्टच्या खाली वीज मिळाली की तो हे चिन्ह दाखवतो. पायची स्वतःची तपासणीची आज्ञा 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' देऊन विचारलं, उत्तर ०एक्स५०००५: आत्ताही वीज कमी आहे आणि म्हणून प्रोसेसर हळू केलाय.

मीटर लावला. सप्लायच्या तोंडाशी ५.०८. पायच्या पिनांवर ४.५८. अर्धा व्होल्ट वाटेत गेला कुठे? मी टाइप-सीची जी तयार वायर वापरली तिच्यातलं तांबं केसाएवढं. आवाजाचा पीएएम८४०३ अॅम्प्लिफायर आणि बटणांचे दिवे त्याच वायरीवर, त्यामुळे मोठा आवाज झाला की व्होल्टेज आणखी बसायचं. अॅम्प्लिफायरला सप्लायपासून वेगळी जोडी दिली, पायला जाड वायर सोल्डर केली. आता ५.०१, भर आवाजातही. स्पीकरमधली गुणगुणही गेली, कारण ग्राउंडच्या वायरी आता एकाच ठिकाणी मिळतात.

दुरुस्तीला आलेल्या त्या पेटीत हाच दोष होता हे आता लक्षात आलं.

२० जुलै, रविवार

बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल व्हायला किती वेळ? बटणाच्या दिव्याला तीच वायर जोडली, फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रांवर ठेवला, दिवा आणि पडदा एका चौकटीत घेतले. दिवा लागल्यापासून पात्र उडेपर्यंत चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. पहिल्यांदा २५ भरली, शंभराच्या वर. घरच्या ब्लूटूथ रिमोटनं तर ३१. रेट्रोआर्चमधलं 'रन-अहेड' एका फ्रेमवर ठेवलं: एम्युलेटर एक फ्रेम पुढचं गणित आधीच करून ठेवतो, म्हणून खेळाच्या आतला उशीर गिळला जातो. २१ वर आलं. व्हिडिओच्या रांगेत एक फ्रेम कमी केली, १७.

भाची खेळून म्हणाली, "आता हाताला लागतंय." मोजमाप बरोबर असलं तरी माझा विश्वास तिच्या हातावर जास्त.

२५ जुलै, शुक्रवार

अलकापुरीतल्या एका कॅफेवाल्यांना चार पेट्या हव्या होत्या. आले, हात फिरवून बघितलं, प्लाय आवडलं, बटणं आवडली. मग विचारलं, खेळ किती. मी सांगितलं, सध्या सात, आणखी दोन होतील. ते थांबले. बाजारात निम्म्या किमतीत हजारो खेळांची पेटी मिळते, तुम्ही फक्त कार्ड बदला, बाकी पेटी हीच द्या, म्हणाले.

मी समजावलं. १९८५ चा खेळ ४० वर्षांचा झाला म्हणून कुणाच्या मालकीचा राहत नाही असं होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि पेटी त्यांच्या कॅफेत सगळ्यांसमोर राहणार. एम्युलेटर कायदेशीर आहे, खेळाची चोरलेली प्रत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला, गेले. चार पेट्यांचे पैसे गेले. वाईट वाटलं, नाही वाटलं असं कशाला लिहू?

लहानपणी घरात जो व्हिडिओ गेम होता त्याच्या साठ पिनांच्या पिवळ्या कार्ट्रिजवर '९९९९ इन १' लिहिलेलं असायचं. आत खरे खेळ वीस-पंचवीस. पुढे तेच पुन्हा, कधी तिसऱ्या पातळीपासून सुरू, कधी नुसतं नाव बदललेलं. मी आणि ताई उन्हाळ्याच्या सुटीत आकडा पुढे पुढे सरकवत बसायचो, की पुढे काहीतरी नवीन निघेल. निघायचं नाही. पण त्या वीसांपैकी तीन आम्ही इतके खेळलो की त्यांची सुरावट अजून पाठ आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

खेळ निवडले ते एकेक तपासून: कोडचं लायसन्स वेगळं, चित्रांचं-संगीताचं वेगळं, दोन्ही विक्रीला मोकळे हवेत.

टोबू टोबू गर्ल घेतला: हरवलेल्या मांजरामागे उड्या मारत ढगांतून वर जायचं. २०१७ चा, खऱ्या गेम बॉयवर चालणारा; कोड एमआयटी लायसन्सखाली, चित्र-संगीत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, नाव द्या आणि वापरा. मायक्रोसिटी घेतला: गेम बॉय कलरवर शहर वसवायचं, जीपीएल ३. पीआरबूमसाठी फ्रीडूम, बीएसडी. पण हे मोठ्या मुलांसाठी, मेनूत वेगळ्या कप्प्यात. लिबेट हा खेळही घेतला, झेडलिब लायसन्स. हे नवे लोक जुन्या यंत्रांसाठी आजही खेळ लिहितात आणि देऊन टाकतात. पेटीत प्रत्येक खेळाच्या आधी करणाऱ्याचं नाव दोन सेकंद दिसेल अशी पाटी केली.

आणि भाची स्वतः एक करतेय. पतंगाचा. बडोद्यात उत्तरायणाला अख्खं गाव गच्चीवर असतं, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. सी भाषेत, जीबीडीके हे गेम बॉयसाठी खेळ लिहायचं साधन वापरून. पतंग छान झाले, पेचही लागतो. अडलं ते मांज्यापाशी. गेम बॉयवर हलती चित्रं म्हणजे आठ ठिपके रुंदीचे तुकडे. पडद्यावर एकूण ४०, आणि एका आडव्या रेषेत फक्त १०. मांजा तिनं अशा तुकड्यांनी जोडला. पतंग उंच असला की मांजा उभा, एका रेषेत एक-दोन तुकडे, सगळं दिसतं. पतंग बाजूला गेला, मांजा आडवा झाला की अकराव्या तुकड्यापासून पुढे तो नाहीसा. दहा तुकडे म्हणजे ८० ठिपके, अर्धा पडदा. तिला वाटलं गॅम्बॅटमध्ये चूक आहे. चूक नाही, खऱ्या यंत्राला जे जमत नव्हतं ते एम्युलेटर इमानानं तसंच करतो. तिनं शेवटी वाऱ्याला मर्यादा घातली: पतंग ठराविक कोनाखाली झुकतच नाही. खेळायला त्यामुळे उलट बरं झालं, ढील किती द्यायची याचा अंदाज बांधावा लागतो. कापला की पडद्यावर 'काप्यो छे!'

लायसन्स तिनं स्वतः निवडलं, एमआयटी. फाइलीत पहिल्यांदा आपलं नाव आणि २०२५ टाइप करताना ती क्षणभर थांबली होती.

१० ऑगस्ट, रविवार

सोर्स कोड गोळा करणं. कार्डावर जे लिहायचं त्याची अख्खी फाइल, म्हणजे इमेज, बिल्डरूट या साधनानं बांधतो. त्यात 'मेक लीगल-इन्फो' अशी आज्ञा आहे: कर्नलपासून लहानसहान लायब्ररीपर्यंत प्रत्येक पॅकेजचं लायसन्स, आवृत्ती आणि मूळ सोर्सची गठडी एका फोल्डरमध्ये रचून देते, वर यादीही. फार उपकारक सोय. एकूण अडीच जीबीच्या आत. पायच्या बूट फाइली तेवढ्या बंद आहेत, पण पायवरच वापरायच्या अटीवर वाटायला परवानगी आहे. तो कागदही आत घातला.

१७ ऑगस्ट, रविवार

मागच्या झाकणाला मी विशेष स्क्रू लावले होते, साध्या पेचकसानं न निघणारे. मुलं उघडतील आणि शॉक बसेल ही भीती. भाची म्हणाली, रेट्रोआर्च जीपीएल ३ आहे. घरगुती वस्तूत ते घालून विकलं तर घेणाऱ्याला त्यात बदल करून परत बसवता आलं पाहिजे, त्याची माहिती द्यावी लागते. कार्डच हाती लागत नसेल तर माहिती देऊन उपयोग काय?

बरोबर आहे. विजेचा भाग वेगळ्या बंद कप्प्यात घेतला आणि मेमरी कार्डासाठी बाजूला दोन बोटांचं दार केलं, लोहचुंबकाचं. मिस्त्रीकाकांनी त्याला सागाची छोटी मूठ बसवली, न सांगता.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहिली पेटी गेली. रावपुऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, बाहेर मुलं थांबतात तिथे. खेळ किती हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते हे: "पन्नास मुलांचे हात लागणार, बटणं स्पिरिटनं पुसता येतील?" येतील, पण वरच्या छापील कागदाचा रंग जाईल. म्हणून त्यावर २ मिलिमीटरचं अॅक्रिलिक टाकायचं ठरलं होतं. अॅक्रिलिकला स्पिरिटनं बारीक तडे जातात हे वेळेवर आठवलं. पॉलिकार्बोनेट टाकलं, आणि साबणाच्या पाण्यानंच पुसा असं मराठी-गुजरातीत लिहून चिकटवलं.

१८,५०० रुपये. सोबत पेन ड्राइव्ह, आठ पानांची लायसन्सची पुस्तिका, आणि तीन वर्षं सोर्स कोड मागाल तेव्हा देऊ असं सहीचं पत्र. बाईंनी पत्र वाचलं, म्हणाल्या, "हे मला कशाला?" मी म्हटलं, तुमच्याकडून कुणी मागितलं तर त्यालाही उपयोगी पडेल.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. काम बंद.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं आणि आज सकाळी पहिली मागणी आली. दवाखान्यात धाकट्या भावाला घेऊन आलेला एक मुलगा, भाचीच्याच कॉलेजात दोन वर्षं मागे. त्यानं मेनूतलं सोर्स कोडचं पान वाचलं आणि दुकान शोधत आला. त्याला बटणांची मांडणी डावखुऱ्यांसाठी उलटी करायचीय, भाऊ डावखुरा आहे. पेन ड्राइव्हची प्रत घेऊन गेला. संध्याकाळी फोन: काका, इमेज बांधतच नाही, रेट्रोआर्चचा सोर्स यात नाहीये.

मी म्हटलं असं होणार नाही. उघडून बघितलं. खरंच नाही. रेट्रोआर्चमध्ये बटणांसाठी आम्ही छोटा बदल केला होता, म्हणून ते पॅकेज माझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरमधून घेत होतो. आणि 'लीगल-इन्फो' अशा स्थानिक फोल्डरचा सोर्स साठवत नाही. तसा इशारा तिनं तयार केलेल्या वाचा-मला फाइलीत स्पष्ट दिला होता. बिल्डरूटचा स्वतःचा सोर्सही वेगळा जोडा, हेही त्यात होतं. मी यादी बघितली, फाइल उघडलीच नाही. म्हणजे ज्या एका कोडात आम्ही हात घातला होता तोच नेमका दिला गेला नाही, आणि पेटी दोन आठवडे तशी दवाखान्यात उभी. त्या पंधरा जूनच्या पेटीबद्दल मी जे लिहिलंय ते वर वाचलं आणि बराच वेळ बसून राहिलो.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, "उद्या येते. आणि त्या मुलालाही बोलव."

१४ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर तिघं बसलो. आमचा बदल वेगळी पॅच फाइल (फक्त बदललेल्या ओळींची) म्हणून काढला, मूळ रेट्रोआर्चची ठरलेली आवृत्ती गठडीतून येईल असं केलं, बिल्डरूटचा स्वतःचा सोर्स आणि आमची सगळी सेटिंग जोडली. मग पेन ड्राइव्ह त्या मुलाच्या लॅपटॉपला लावला, इंटरनेट बंद केलं, आणि पुस्तिकेत लिहिलेल्या चार आज्ञा पुस्तिकेतूनच बघून दिल्या, तोंडी काही न सांगता. तिसरी आज्ञा अडली: एका ठिकाणी माझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता राहून गेला होता. तो काढला. पुन्हा पहिल्यापासून. तीन तास बावीस मिनिटं पंखा घोंघावला आणि इमेज तयार झाली. कार्डावर लिहिली, बाजूचं दार उघडून घातली. मेनू आला.

त्यानं मग स्वतःची उलटी मांडणी घातली आणि पुन्हा बांधली. चालली. ती पॅच त्यानं आम्हाला दिली, वर स्वतःचं नाव घालून. पुढच्या इमेजमध्ये मेनूतच 'डावखुरा' असा पर्याय येईल.

डॉक्टरबाईंकडे जाऊन जुना पेन ड्राइव्ह परत घेतला, नवा दिला, चूक काय होती ते सांगितलं. दवाखान्यात पाच-सहा वर्षांची एक मुलगी पतंग खेळत होती, डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातानं जॉयस्टिक आणि हनुवटीनं बटण. बटण दोन सेंटिमीटर खाली हवं. दुसऱ्या पेटीचं प्लाय अजून कापायला दिलेलं नाही. उद्या मकरपुऱ्याला जाण्याआधी रेखाटन बदलायचं.